भूगोलाचा पेपर

माझ्या पहिल्या कादंबरीत एक नदी उलटी वाहते. ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या एकाही टीकाकाराच्या ध्यानात आली नाही. एकाने तर तीतल्या निसर्गवर्णनाची तोंडभरून स्तुती केली. ते कात्रण मी अजून जपून ठेवले आहे. नायिका तिन्हीसांजेला नदीत पानावरचा दिवा सोडते आणि तो दिवा नाशिककडे मजुरीला गेलेल्या तिच्या नवऱ्याच्या दिशेने हळूहळू वाहत जातो, असा तो प्रसंग. लिहिताना माझ्या स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आले होते.

चूक सापडली ती आमच्या पाड्यावर. माझा एक विद्यार्थी तेव्हा चौथीत होता. गुरुजींनी लिहिलेले पुस्तक तो रात्री आपल्या आज्याला वाचून दाखवीत असे. आजा निरक्षर. डोळे मिटून ऐकायचा. दिव्याच्या प्रसंगाशी आल्यावर त्याने नातवाला हाताने थांबविले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पायरीशी येऊन मला विचारले,

"गुरुजी, आपली नदी नाशिककडं कधीपासून जायला लागली? मग मधला घाट काय त्या दिव्यानं चढायचा?"

मी हसलो, कादंबरीत असे चालते, असे काहीसे पुटपुटलो आणि वर्गात शिरलो. वर्गात त्या दिवशी भूगोलाचाच तास होता, हे सांगायला मला आजही संकोच वाटतो.

वाचकांना माझी ओळख करून द्यायला हवी. मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर मुलांना शिकवितो. शिक्षण मॅट्रिक. आता त्याला दहावी म्हणतात. पण माझे वडील शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द एवढा भारदस्त वाटे की मी तोच धरून ठेवला आहे. २००१ च्या सुमारास शासनाने वाड्यापाड्यांवर वस्तीशाळा काढल्या तेव्हा पाड्यावर शिकलेला म्हणून मलाच धरून आणून उभे केले. पहिली काही वर्षे मानधनावर, कुडाच्या भिंतीआड, शेणाने सारवलेल्या जमिनीवर शाळा चालली. कादंबऱ्या लिहिण्याची खोड तिथेच लागली. पावसाळ्यात चार महिने दुसरे करण्यासारखे काही नसते.

मॅट्रिकला भूगोलात मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले होते. गिरणा नदीचा उगम कोठे होतो? सह्याद्रीत. हे उत्तर मी सुवाच्य अक्षरात लिहिले. तो सह्याद्री म्हणजे आमच्याच तालुक्यातला केमचा डोंगर, ज्याच्या अंगाखांद्यावर आमची गुरे चरत, हे मला कोणी सांगितले नव्हते. मीही कोणाला विचारले नव्हते. सह्याद्री पुस्तकात असतो आणि गुरे डोंगरावर असतात, अशी माझी पक्की समजूत होती.

खरे म्हणजे आमचा मुलूख हा भूगोल शिकविण्यासाठीच घडविलेला आहे. घराच्या छपराचे आढे असते ना, तसा हा डोंगर. आढ्याच्या एका अंगाला पडलेला पाऊस पुढच्या पागोळीने गळतो, दुसऱ्या अंगाला पडलेला मागच्या पागोळीने. केमच्या डोंगरात उगम पावलेली गिरणा कळवण, मालेगावकडे जाते, पुढे जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि सुरतेपाशी समुद्र गाठते. त्याच डोंगररांगेच्या पश्चिम अंगाने नार आणि पार उतरतात. नार पारेत मिसळते आणि पार वलसाडकडे धावत सुटते. जरा दक्षिणेला दिंडोरीच्या अंगाला पडलेले पाणी कादवेत जाते, कादवा गोदावरीत, आणि गोदावरी पार बंगालच्या उपसागरात. एकाच सरीतले दोन थेंब शेजारी शेजारी पडावेत आणि एकाने सुरतेला जावे, दुसऱ्याने आंध्रात राजमहेंद्रीला! एवढी मौज पायाखाली असता मी पोरांकडून काय पाठ करून घेत होतो? तर महाराष्ट्रातील जिल्हे, त्यांची मुख्य पिके आणि भारताच्या सीमेला लागून असलेले देश.

एकदा मी एका मुलाला विचारले, "उत्तर दिशा कुठली, दाखव." त्याने क्षणाचाही विचार न करता बोट छताकडे केले. वर्ग हसला नाही. वर्गाला ते बरोबरच वाटले. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते. वर म्हणजे कौले. याच मुलाला अंधाऱ्या रात्री रानात सोडला असता तर तो चांदण्यांच्या आधाराने बिनचूक घरी आला असता. त्याला दिशा येत होत्या. त्याला येत नव्हता तो माझा भूगोल.

दोष नुसत्या पुस्तकांना देऊन भागणार नाही. तिसरीच्या मुलांना आपल्या जिल्ह्याचा भूगोल शिकवावा, ही रीत महाराष्ट्रात जुनी आहे आणि चांगली आहे. २०१८ साली दहावीला भूगोलाचे नवे पुस्तक आले, ते भारत आणि ब्राझील या दोन देशांची तुलना करीत जाते. पहिल्यांदा मी त्याची यथेच्छ टवाळी केली. म्हटले, सुरगाण्याच्या पोराला गुजरातच्या सीमेपलीकडचे धरमपूर ठाऊक नाही आणि याला ब्राझीलचे पठार हवे! पुढे ते पुस्तक नीट वाचले तेव्हा जीभ चावली. ब्राझीलमध्ये समुद्राकाठी उंच कडा आहे, तो वारे अडवितो, त्यामुळे पलीकडे पाऊस पडत नाही आणि 'अवर्षण चतुष्कोन' तयार होतो, असे त्यात दिले आहे. अहो, ही तर आमच्याच घराची गोष्ट! आमच्या अंगाला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, आणि डोंगर ओलांडून निफाडला गेले की त्याचा जेमतेम चौथा हिस्सा. पण त्या चौथ्या हिश्शावर, धरणांच्या आणि कालव्यांच्या जोरावर, तिकडे द्राक्षे पिकतात. आणि चौपट पावसाचे धनी असलेले आमचे लोक दिवाळी झाली की भाकरीचे गाठोडे बांधून ती द्राक्षे खुडायला जातात. कारण आमच्या डोंगरावर मातीचा थर पातळ, खाली काळा फत्तर. पाणी मुरत नाही, थांबत नाही, धावत जाते. ज्या पोराने 'अवर्षण चतुष्कोन' ही टीप चार गुणांसाठी पाठ केली, त्याची आई त्याच वेळी पर्जन्यछायेत द्राक्षाचे घड खुडीत असते. या दोन गोष्टींची गाठ घालून देणे हे माझे काम होते. ते मी कधी केले नाही.

मग २०२० साल उजाडले.

माझा तो विद्यार्थी, चौथीत कादंबरी वाचणारा, त्या वर्षी आश्रमशाळेतून दहावीला बसला होता. सगळे पेपर झाले, एक उरला. भूगोलाचा. तो सोमवारी, २३ मार्चला व्हायचा होता. साथीच्या भीतीने तो आदल्या शनिवारी पुढे ढकलला गेला. मुलगा ट्रंक घेऊन पाड्यावर आला. येताच माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, सगळा भूगोल पाठ झालाय, आता विसरायच्या आत पेपर झाला म्हणजे बरं."

२४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. त्याचे आईबाप द्राक्षाच्या खुड्यावर दिंडोरी-पिंपळगावच्या मधल्या एका गावात होते. बरोबर पाड्यावरची आणखी अकरा माणसे, त्यांत दोन लहान मुले. खुडा अर्ध्यावर थांबला, मुकादम दिसेनासा झाला, गाड्या बंद. तिसऱ्या रात्री माझा फोन वाजला. मुलाचा बाप बोलत होता. मोठ्या रस्त्याला नाकाबंदी आहे, परत पाठवतात. पिठाची पिशवी संपत आली आहे. आम्ही डोंगरातून पायी येतो.

"गुरुजी, तुम्ही शिकलेले. वाट सांगा."

आणि वाचकहो, मला वाट सांगता येईना. भूगोलात वर्गात पहिला आलेला, पुस्तकांतून नद्या-डोंगरांची पानेच्या पाने वर्णने केलेला मी, नुसता "हॅलो, हॅलो" करीत राहिलो. दिंडोरी, ननाशी, बाऱ्हे ही नावे मला येत होती. एस. टी. कुठे थांबते ते येत होते. पण रस्ता सोडल्यावर माणसाने कशाच्या खुणेने चालायचे, ते मला येत नव्हते. मी मुलाला हाक मारली. मुलगा आज्याला घेऊन आला. म्हाताऱ्याने फोन उलटा धरला; मी तो सुलटा करून दिला. तो काय बोलला ते मी त्याच रात्री वहीत उतरवून ठेवले आहे.

"पोरा, ऐक. रातची चाला, दिवसा झाडाखाली पडा. सप्तशृंगीचा डोंगर उजव्या खांद्याला ठेवायचा. पहाटे सूर्य पाठीमागून उगवला पाहिजे. तोंडावर आला तर चुकलात. ओहळ लागला तर पाणी नसंल, पण रेतीकडं बघ, गोटे कुणीकडं लोळलेत ते बघ. जवर ओहळ तुमच्यासमोरून येतोय तवर तुम्ही परमुलखात. डोंगर चढा. आणि ज्या ओहळाचा उतार तुमच्या पायांबरोबर चालायला लागला, तो आपला. त्याला सोडू नका. तो घरी घेऊन येतो."

जलविभाजक म्हणजे काय, याची व्याख्या मी दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो होतो: दोन नद्यांची खोरी वेगळी करणारा उंचवटा. पोरे ती उतरून घेत, आणि माझ्याइतकीच विसरून जात.

ती माणसे तिसऱ्या पहाटे आली. दोन्ही मुले खांद्यांवर झोपलेली. पाड्याने त्यांना आत घेतले नाही. रिवाज तसाच पडला होता. चौदा दिवस शाळेतच ठेवायचे ठरले. माझ्या वर्गात, बाके बाहेर काढून, ती तेरा माणसे झोपली. घरोघरच्या भाकऱ्या ओट्यावर ठेवल्या जात आणि ठेवणारा दूर झाला की ती उचलीत. मुलगा रोज संध्याकाळी अंगणापलीकडच्या आंब्याखाली येऊन उभा राही. एवढ्या अंतरावरून आईशी काय बोलणार? दोघेही मोठ्याने बोलायला लाजत.

एके दिवशी तिने मला खिडकीतून विचारले, "गुरुजी, भिंतीवर हे चित्र काय हाय?"

"महाराष्ट्राचा नकाशा, बाई."

"ह्यात आम्ही होतो ती जागा कुठं? आणि आपला पाडा?"

दिंडोरीचा ठिपका मी खिडकीबाहेरूनच दाखविला. पाडा दाखविता येईना. त्या नकाशात सुरगाण्याच्या जागी नाव होते आणि भोवती नुसता फिकट हिरवा रंग. ती बराच वेळ त्या हिरव्या रंगाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढंसंच तर हाय. मग पाय एवढे का सुजले?"

हे मी मुलाला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर शाळेच्या अंगणात, खिडकीसमोर, त्याने शेणमातीचा डोंगर रचून ठेवलेला. लांबी दहा-बारा हात असेल. एका अंगाला सप्तशृंगीचे टोक. ओहळांच्या रेषा कोळशाने ओढलेल्या, काही पूर्वेकडे, काही पश्चिमेकडे. द्राक्षमळ्याच्या जागी बाभळीची डहाळी, आणि पाड्याच्या जागी शेणाचे तेरा गोळे. आत असलेली माणसे खिडकीला दाटी करून बोटे दाखवू लागली: इथे कुत्री मागे लागली, इथे पोर रडले, इथे आपण भाकर खाल्ली, इथे पहिला ओहळ आपल्याबरोबर वाहायला लागला. आपण केवढे चाललो ते त्यांना तेव्हा कळले. मलाही.

१२ एप्रिलला बातमी आली की भूगोलाचा पेपर होणारच नाही. बाकीच्या विषयांतल्या गुणांची सरासरी काढून भूगोलाचे गुण मिळतील. जुलैच्या अखेरीस निकाल लागला. मुलगा पास झाला. त्याच्या गुणपत्रिकेत भूगोलाचे जे गुण आहेत ते त्याला न लिहिलेल्या पेपराचे आहेत. ते पाहून मला दर वेळी कसेसेच होते. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना त्या वर्षी भूगोलाचे असे सरासरीचे गुण मिळाले, आणि त्यांतल्या कितीकांच्या आईबापांनी त्याच महिन्यांत रस्त्या-रस्त्याने, रुळा-रुळाने भूगोलाची केवढी कठीण परीक्षा दिली!

शाळा पुन्हा भरू लागली तेव्हा मी एक केले: नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर अंथरला, उत्तरेकडे उत्तर करून. एवढ्या साध्या गोष्टीला मला वीस वर्षे लागली. मग सरळ कडांचा एक डबा घेतला, अंगणात मोकळ्यावर ठेवला, आणि रोज सकाळी आठला पट्टी बुडवून पाऊस मोजायचे काम चौथीच्या मुलांकडे दिले. तिसरीकडे विहीर. एका दोराला वीत-वीत अंतरावर गाठी, खाली दगड. दर पंधरवड्याला दोर सोडायचा, कोरड्या गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायचे. पहिल्या वर्षी पोरांना गंमत वाटली, दुसऱ्या वर्षी कंटाळा आला, तिसऱ्या वर्षी मात्र वहीला किंमत आली. दर उन्हाळ्यात आम्ही टँकरसाठी अर्ज करीत असू. त्यात पाण्याची तीव्र टंचाई आहे, तरी कृपा व्हावी, असा मजकूर असे. या खेपेला ग्रामसभेत पाचवीतल्या एका मुलीने वही वाचून दाखविली: तीन वर्षे ओळीने होळीनंतरच्या पंधरवड्यात सगळ्या गाठी कोरड्या. अर्ज फेब्रुवारीतच गेला, सोबत वहीची नक्कल. टँकर आदल्या सालापेक्षा बारा दिवस आधी आला. फार मोठा विजय नव्हे. पण बारा दिवस पाड्यावरच्या बायका दोन डोंगरांच्या पलीकडे हंडे घेऊन गेल्या नाहीत.

दूर देशची एक गोष्ट मी आता दर वर्षी सांगतो. २००४ च्या नाताळात टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईबापांबरोबर थायलंडच्या फुकेत बेटावर गेली होती. २६ डिसेंबरच्या सकाळी समुद्राचे पाणी फेसाळून वागू नये तसे वागताना तिने पाहिले, आणि दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला गुरुजींनी त्सुनामीविषयी सांगितलेले तिला आठवले. तिने आईबापांच्या मागे धोशा लावला. किनारा रिकामा झाला, आणि त्या किनाऱ्यावरची माणसे वाचली. हे ऐकले की पोरांचे डोळे चमकतात, आणि माझी मान नकळत ताठ होते. पण लगेच मी दुसरी गोष्ट सांगतो, म्हणजे मान जागेवर येते. त्याच लाटेच्या उगमापासून अगदी जवळ सिमेलुए नावाचे इंडोनेशियातले बेट. तिथे १९०७ साली असाच समुद्र खवळला होता. तेव्हापासून तिथल्या आज्या-आजोबांनी नातवंडांना अंगाईसारखे सांगून ठेवले: धरणी हलली आणि समुद्र मागे सरला, तर भांडीकुंडी न पाहता डोंगराकडे पळा. २००४ मध्ये सत्तर हजारांवर वस्तीच्या त्या बेटावर मृत्यू पावली सात माणसे. त्यांना हे शिकवायला शाळेतला कोणी मास्तर लागला नव्हता.

आमच्याकडे समुद्र नाही, पण डोंगर आहे. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, दीडशेवर माणसे गेली. २०२१ च्या जुलैत महाडजवळचे तळिये गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. तिन्ही गावे डोंगराच्या कुशीत, आमच्या पाड्यासारखीच. इर्शाळवाडीची बातमी आली त्या आठवड्यात मी पुस्तक मिटून ठेवले आणि मुलांना घेऊन पाड्याच्या वरच्या अंगाला गेलो. जमिनीला भेग पडली आहे का, झाडे खाली कलली आहेत का, झरा एकाएकी गढूळ झाला आहे का, कुडाचे मेढे तिरपे झाले आहेत का, हे पाहायचे. पाहिले आणि सांगितले नाही तर शिक्षा, नुसता संशय आला तरी सांगितले तर शाबासकी.

पुढच्या वर्षी जुलैत सलग चार दिवस पाऊस लागला होता. एक मुलगी भिजत शाळेत आली. म्हणाली, "गुरुजी, वरच्या बांधाखाली भेग आहे. माझा हात जातो कोपरापर्यंत." मी गेलो. आजाही काठी टेकीत आला. त्याने काठी भेगेत घातली, कान लावला आणि म्हणाला, "पाणी आत चाललंय." मला तर वाचाच बसली. भेगेखाली सहा घरे होती. त्या रात्री त्या घरांतली सगळी माणसे शेळ्या-कोंबड्यांसह शाळेत झोपली. दुसऱ्या रात्रीही, तिसऱ्याही. डोंगर काही खाली आला नाही. चौथ्या दिवशी ऊन पडले आणि लोक हसत घरी गेले. एक जण जाता जाता म्हणाला, "गुरुजींनी झकास कादंबरी रचली." पुढे आठ-दहा जणांनी मिळून भेग चिकणमातीने बुजविली आणि वरून येणारे पाणी बाजूला काढायला चर खणला. पोरे आठवड्याला जाऊन पाहून येतात. ती भेग खरोखर धोक्याची होती की नव्हती, मी सांगू शकत नाही. मला त्या तीन रात्री झोप आली नाही एवढे खरे.

भूगोल कुठे कुठे लागतो, याचा माझा हिशेब अजून चालूच आहे. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा मोठा पायी मोर्चा गेला, तेव्हा आमच्या तालुक्यातली घरेच्या घरे रिकामी झाली होती. कसतो ती वनजमीन आमच्या नावावर करा, ही त्यांची मुख्य मागणी. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा लिहायचा तर जमिनीच्या चतुःसीमा लागतात. लोक अर्ज भरून घ्यायला माझ्याकडे येत. पूर्वेला काय, म्हणून विचारले की म्हणत, "मोहाचं झाड." आणि उत्तरेला? "तिथं आमची म्हैस मेली होती." आता मी शेतावर जातो आणि सोबत त्याच घरातले पोर घेतो. म्हैस मेली ती जागा ईशान्येला निघते. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब या दाव्यात पुरावा म्हणून चालतो, हे कळले तेव्हा मला फार बरे वाटले. निदान कायद्याला तरी आज्याची किंमत आहे.

एक प्रश्न मात्र मला अजून सुटलेला नाही. नार-पारचे पाणी उचलून, डोंगरापलीकडे गिरणेच्या खोऱ्यात टाकायचे, अशी सात हजार कोटींहून जास्त खर्चाची योजना २०२४ साली राज्य शासनाने मंजूर केली. मी ती शेणमातीच्या डोंगरावर मुलांना दाखवीत होतो. इथे धरण, इथून पाणी वर चढवायचे, इथून बोगदा, की पलीकडे गिरणा. मालेगाव-चाळीसगावकडच्या लोकांना दुष्काळ आहे, तेही आपलेच आहेत, असे सगळे सांगितले. विहिरीची वही वाचणारी ती मुलगी एकदम उभी राहिली.

"गुरुजी, पाणी एवढा डोंगर चढू शकतं?"

"पंपाने चढवतात."

"मग आमच्या विहिरीत का नाही चढत? ती तर त्याच्या आधी लागते."

मी म्हटले, उद्या सांगतो. हा उद्या उजाडून वर्ष होत आले. २०२२ च्या डिसेंबरात आमच्या सीमेवरच्या काही गावांनी, इथे रस्ते नाहीत, पाणी नाही, तर आम्हाला गुजरातेत घाला म्हणून निवेदन दिले, तेव्हा वर्तमानपत्रांनी सुरगाणा कुठे आहे त्याचे नकाशे छापले होते. ते मी कापून ठेवले आहेत. पण त्यांतही या प्रश्नाचे उत्तर नाही.

तो मुलगा आता मोठा झाला. भूगोल घेऊन बी. ए. झाला आणि सध्या जमीन मोजणीच्या कामावर यंत्र धरतो. सुट्टीत आला की आज्याला पुन्हा पुस्तके वाचून दाखवितो. म्हाताऱ्याचे डोळे गेले, कान शाबूत आहेत.

गेल्या वर्षी प्रकाशकांनी माझ्या त्या पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायचे धाडस केले. मी नदी सुलटी केली. सोपे गेले नाही. नदी वळली की सारे वळावे लागते. दिवा आता पश्चिमेला जातो, नवऱ्याकडे पाठ करून, मावळत्या सूर्याकडे. नायिकेला मी दुसऱ्या काठावर बसविले. दोन पाने नवी लिहिली. छापील प्रत आली त्याच संध्याकाळी घेऊन गेलो. नातवाने तो प्रसंग वाचला. आजा डोळे मिटून ऐकत होता. वाचन संपले तरी बोलेना. मी विचारले, "बाबा, आता नदी बरोबर आहे ना?"

"नदी बरोबर हाय," तो म्हणाला. "पण ती बाई ज्या आंब्याखाली बसलीय तो आंबा तिथं कुणी लावला? त्या काठाला नुसता मुरूम हाय, गुरुजी. तिथं आंबा धरत नाही."